तलावाकाठची वस्ती

सरोवर आणि तलाव यांत एक महत्त्वाचा भेद आहे. सरोवर निसर्गक्रमाने निर्माण होते. तलाव कोणीतरी बांधावा लागतो आणि बांधून झाल्यावर तो कोणीतरी सांभाळावाही लागतो. म्हणून तलावाचा इतिहास हा पाण्याइतकाच त्याच्या काठावर राहणाऱ्या माणसांचा इतिहास असतो. पाणी स्वच्छ असेल तर काठावरील वस्तीत काही एक व्यवस्था चालू आहे, असे समजावे. ते हिरवे, दाट व दुर्गंधीयुक्त झाले असेल तर ती व्यवस्था कोठेतरी मोडली आहे, असे मानण्यास हरकत नाही. प्रस्तुत प्रकरणात छत्तीसगडमधील भिलाई व तिच्या आसपासचा प्रदेश समोर ठेवून या व्यवस्थेचा विचार केला आहे.

पोलादनगरीचे पाणी

भिलाई हे गाव १९५५ पूर्वी दुर्ग जिल्ह्यातील भातशेतीच्या मुलखात वसलेले एक साधे खेडे होते. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत व सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याबरोबर कामगारांसाठी आखीव नगरी उभी राहिली. सरळ रस्ते, दुतर्फा झाडे, क्रमांकाने ओळखले जाणारे सेक्टर आणि प्रत्येक घराभोवती थोडी मोकळी जागा, असे तिचे स्वरूप होते. देशाच्या सर्व भागांतून माणसे येथे आली. नागपूर-भंडाऱ्याकडील अनेक मराठी कुटुंबेही त्यांत होती.

पोलादाला लोहखनिज व कोळसा यांच्या खालोखाल जर कशाची गरज असेल तर ती पाण्याची. भट्ट्या थंड राखणे, तापलेले पोलाद निवविणे, वाफ तयार करणे, धूळ धुऊन काढणे या सर्व क्रियांना अखंड पाणी लागते. ते पाणी येथे फार दुरून आणावे लागते. बालोदजवळ तांदुला व सुखा या नद्यांच्या संगमावर विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत बांधलेला तांदुला जलाशय मुळात भातशेतीसाठी होता. कालव्याने त्याचे पाणी भिलाईला आणले गेले. पुढे धमतरीजवळ महानदीवरील गंगरेल धरण, म्हणजेच रविशंकर सागर, १९७० च्या दशकाच्या अखेरीस पूर्ण झाल्यावर त्याचाही आधार मिळाला. कालव्यातून आलेले हे पाणी नगरीच्या कडेला मरोदा येथील जलाशयांत साठविले जाते. १९७२ साली भारत-सोव्हिएत मैत्रीचे प्रतीक म्हणून उभारलेली ‘मैत्री बाग’ याच परिसरात आहे.

नगरी वसली तेव्हा तिच्या पोटात व भोवताली अनेक जुनी खेडी आली. मरोदा, रिसाली, रुआबांधा, खुर्सीपार, सुपेला ही त्यांची नावे आजही चालू आहेत. रुआबांधा या नावातील ‘बांधा’ हा शब्द जुन्या तलावाची आठवण देतो. खेड्यांबरोबर त्यांचे तलावही शहरात आले. शेतीला ओलित करणारे, गुरांची तहान भागविणारे, बायाबापड्यांच्या स्नानाचे तलाव आता घरांच्या रांगांनी वेढले गेले. ज्यांनी ते खोदले व सांभाळले त्यांची शेते गेली होती. जे नव्याने काठावर राहावयास आले त्यांच्या घरात नळ होता. नळाचे पाणी पिणाऱ्याला समोरचा तलाव हा एक देखावा वाटतो, किंवा मग कचरा टाकण्याची सोयीची जागा. भिलाईतील तलावांपुढील प्रश्नाचे मूळ येथे आहे.

छत्तीसगडची जुनी रीत

छत्तीसगडच्या मैदानात वर्षाला साधारण हजार ते बाराशे मिलिमीटर पाऊस पडतो. परंतु तो बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. उरलेल्या आठ महिन्यांची सोय म्हणजे तलाव. स्थानिक बोलीत तलावाला ‘तरिया’, लहान खड्ड्याला ‘डबरी’, बांधाला ‘पार’ आणि पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांना ‘पचरी’ म्हणतात. रतनपूर, मल्हार, खरौद, आरंग अशा जुन्या गावांविषयी बोलताना ‘छै आगर छै कोरी’ तलावांचा उल्लेख होतो. कोरी म्हणजे वीस. सहा कोरी आणि वर सहा, म्हणजे एकशे सव्वीस. ही मोजदाद प्रत्येक गावी अक्षरशः खरी असेलच असे नाही. पण गावाचा मोठेपणा तलावांच्या संख्येने सांगण्याची पद्धत होती, एवढे त्यावरून कळते.

एका गावात अनेक तलाव असत, त्याला कारण होते. पिण्याचा तलाव निराळा, अंघोळीचा व धुण्याचा निराळा, गुरांचा निराळा. शुद्ध व अशुद्ध पाणी एकमेकांत मिसळू नये म्हणून केलेली ही योजना आजच्या पाणीपुरवठ्याच्या शास्त्रालाही मान्य होईल. तलाव खोदून झाल्यावर त्याच्या मध्यभागी लाकडी खांब रोवून त्याचा विवाह लावण्याची प्रथा होती. विवाह झालेला तलाव गावाच्या कुळाचाराचा भाग बनत असे आणि त्यात घाण करणे हा गुन्हा होण्याआधीच दोष ठरे.

काही सण तर तलावाच्या काठाशीच बांधलेले आहेत. श्रावणात टोपलीत उगवलेली ‘भोजली’ राखीपौर्णिमेनंतर तलावात शिरविली जाते. दिवाळीत मातीच्या गौरा-गौरीचे विसर्जन होते. माती पाण्यातून येते व पाण्यात जाते. भाद्रपदातील खमरछठ हा मातांचा उपवास विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. त्या दिवशी नांगरलेल्या जमिनीतील काही खावयाचे नसते. म्हणून स्त्रिया ‘पसहर’ नावाचा तांदूळ खातात. तो पेरलेला नसतो. तलावाच्या व डबऱ्यांच्या दलदलीच्या कडेला आपोआप उगवतो. पूजेसाठी अंगणात ‘सगरी’ म्हणजे लहानसे तळे खोदतात. ज्या गावातील तलावांचे काठ नाहीसे झाले, त्या गावातील स्त्रियांना हा तांदूळ बाजारातून चढ्या भावाने आणावा लागतो. तलावाचा काठ जिवंत आहे की नाही, हे पाहण्याची याहून घरगुती कसोटी दुसरी नसावी.

तथापि या जुन्या व्यवस्थेचे केवळ गुणगान करणे योग्य ठरणार नाही. पाण्याची वाटणी उपयोगानुसार होती तशीच ती जातीनुसारही होती. कोणी कोणत्या घाटावर उतरावे हे जन्माने ठरत असे. या बाबीकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

पाणी हिरवे का होते

तलाव बिघडतो म्हणजे नेमके काय होते, हे समजून घेतल्याशिवाय उपाय सुचत नाही. तलावातील पाण्यात डोळ्यांना न दिसणारी सूक्ष्म शैवले असतात. सूर्यप्रकाशात ती वाढतात, त्यांवर सूक्ष्म जलचर जगतात, त्यांवर मासे आणि माशांवर पक्षी. शैवलांना वाढण्यासाठी कार्बन, नायट्रोजन व फॉस्फरस ही मूलद्रव्ये लागतात. पहिली दोन हवेतूनही मिळू शकतात. फॉस्फरस मात्र हवेत वायुरूपाने नसतो. तो जमिनीवरूनच यावा लागतो. म्हणून गोड्या पाण्याच्या तलावात सामान्यतः फॉस्फरस किती आला, यावर शैवल किती माजणार हे ठरते.

कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात १९६८ साली केवळ प्रयोगांसाठी काही सरोवरे राखून ठेवण्यात आली. त्यांपैकी २२६ क्रमांकाच्या सरोवरात १९७३ साली डेव्हिड शिंडलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी मधोमध एक पडदा लावून दोन भाग केले. एका भागात कार्बन व नायट्रोजन टाकले. दुसऱ्या भागात त्या दोहोंबरोबर फॉस्फरसही टाकला. पहिला भाग पूर्वीसारखाच राहिला. दुसरा अल्पावधीतच हिरवागार झाला. विमानातून घेतलेल्या त्या छायाचित्राने साबण-उत्पादक व शास्त्रज्ञ यांच्यातील वादाला निर्णायक वळण दिले. धुण्याच्या चूर्णातील फॉस्फेटवर कॅनडाने १९७० च्या दशकारंभीच मर्यादा घातल्या होत्या. त्यांचे औचित्य या प्रयोगाने सिद्ध झाले.

आता थोडे गणित करू. एक किलो फॉस्फरस सुमारे पाचशे किलोपर्यंत ओले शैवल पोसू शकतो. एक प्रौढ माणूस मलमूत्रावाटे वर्षाला साधारण अर्धा किलो फॉस्फरस बाहेर टाकतो. तलावाकाठी शंभर घरे आहेत, त्यांत चारशे प्रौढ माणसे राहतात आणि त्यांचे सारे सांडपाणी तलावात उतरते, असे क्षणभर धरले तर वर्षाला दोनशे किलो फॉस्फरस पाण्यात जाईल. त्यातून शंभर टन शैवल उपजण्याइतके खाद्य मिळाले. याशिवाय धुण्याचे चूर्ण, बागेतील खते व गुरांचे शेण निराळे.

शैवल दिवसा प्राणवायू सोडते, परंतु रात्री स्वतःच तो वापरते. मेलेले शैवल तळाशी जाऊन कुजते, त्यालाही प्राणवायू लागतो. म्हणून ढगाळ, वारा पडलेल्या उन्हाळी रात्रीनंतर पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड उघडून येतात आणि सकाळी त्यांचा खच पडलेला दिसतो. लोक विषप्रयोगाचा संशय घेतात. पुष्कळदा विष टाकलेले नसते. मासे गुदमरलेले असतात.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. आलेला फॉस्फरस गाळात साठतो आणि तळाचा प्राणवायू संपला की तो पुन्हा पाण्यात विरघळतो. म्हणून घाण येणे थांबविल्यावरही तलाव काही वर्षे हिरवाच राहू शकतो. येथे जुन्या रीतीतील एका कामाचा अर्थ उलगडतो. उन्हाळ्यात तलाव आटल्यावर शेतकरी गाळ गाडीने शेतात नेत. त्यांच्या दृष्टीने ते फुकटचे खत होते. तलावाच्या दृष्टीने ती साठलेल्या फॉस्फरसची उचल होती. मासे पकडणे, शिंगाडे काढणे, कमळकाकडी उपटणे यांनीही तेच घडे. तलावात जे येई ते पुन्हा जमिनीकडे परत जाई. रासायनिक खत गोणीतून मिळू लागल्यावर गाळ नेणारे हात थांबले, आणि ती फेरी तुटली.

अशी फेरी पुन्हा जोडता येते काय? अमेरिकेतील सिएटल शहराच्या कडेच्या वॉशिंग्टन सरोवराचे उत्तर आशादायक आहे. तेथे प्रक्रिया केलेले सांडपाणी सरोवरात सोडले जात असे आणि पाणी इतके गढूळ झाले होते की एक मीटर खोलीवरील वस्तू दिसत नसे. नागरिकांनी मतदान करून कर स्वीकारला आणि १९६३ ते १९६८ या काळात सारे सांडपाणी अन्यत्र वळविले. १९७० च्या सुमारास तीन मीटर खोलीपर्यंत दिसू लागले. मात्र ते सरोवर खोल आहे. छत्तीसगडचे तलाव उथळ आहेत. उथळ तलाव लवकर बिघडतात व उशिरा सुधारतात. म्हणून येथे बिघाड होऊ न देणे हाच स्वस्त उपाय होय.

काठावरचे घर

फिनलंडमध्ये पाच लाखांहून अधिक उन्हाळी घरे आहेत. त्यांपैकी पुष्कळशी सरोवरांच्या काठी आहेत. तेथे कोरडी शौचालये वापरण्याची, स्नानाचे पाणी सरळ सरोवरात न सोडता जमिनीत जिरविण्याची आणि काठावरची झाडे न तोडण्याची शिस्त पाळली जाते. भिलाईसारख्या नगरीत परिस्थिती निराळी असली तरी तत्त्व एकच आहे: घरातून निघालेले पाणी तलावाला भेटण्यापूर्वी मातीला भेटले पाहिजे. माती फॉस्फरस धरून ठेवते, जंतू अडविते आणि झाडांना खाद्य पुरविते.

पहिली बाब शौचालयाची. पुष्कळ घरांत सेप्टिक टँक असते आणि घरमालक तेवढ्यावर निश्चिंत असतो. वस्तुतः त्या टाकीत घन भाग खाली बसतो इतकेच. वरून निघणारे पाणी दिसावयास पातळ असले तरी फॉस्फरस व जंतू यांनी भरलेले असते. ते गटारात सोडले आणि गटार तलावात गेले, तर टाकी असून नसल्यासारखीच. तिच्या पुढे शोषखड्डा हवा, तो तलावापासून व विहिरीपासून दूर हवा, आणि टाकीतील गाळ दोन-तीन वर्षांनी उपसला पाहिजे. जेथे जागा आहे तेथे दोन खड्ड्यांचे शौचालय अधिक सोयीचे. एक खड्डा भरला की तो बंद करून दुसरा वापरावयाचा. दीड-दोन वर्षांत पहिल्यातील मैल्याचे निर्धोक खत होते.

दुसरी बाब धुण्याची. घाटावर साबण लावून कपडे आपटणे ही सवय सहज सुटणारी नाही, कारण जिच्या घरी नळाला पाणी येत नाही तिला दुसरा मार्ग नसतो. अशा ठिकाणी पारेच्या बाहेरच्या उतारावर धुण्याचे ओटे बांधून त्यांचे पाणी केळी, अळू, कर्दळ यांच्या वाफ्यात सोडावे. मोटारी, रिक्षा, मालवाहू गाड्या तलावात उतरवून धुण्यास मात्र कोणतेही समर्थन नाही.

तिसरी बाब काठाची. लव्हाळा, पाणकणीस, गवत यांनी भरलेली कड अस्वच्छ दिसते म्हणून ती काढून टाकून सिमेंटची भिंत बांधण्याची पद्धत अलीकडे सर्वत्र पडली आहे. तिला सौंदर्यीकरण म्हणतात. भिंतीमुळे पावसाचे पाणी गाळले न जाता थेट आत येते; माशांना अंडी घालावयास उथळ जागा उरत नाही; पाणपक्षी निघून जातात आणि पसहर तांदूळ उगवत नाही. फिरण्यासाठी वाट हवी असेल तर ती पारेवर करावी. पाण्याची कड गवताला ठेवावी. परंतु प्रत्येक वनस्पती हितकारकच असते असे नाही. जलपर्णी आणि ‘बेशरम’ या दोन्ही अमेरिका खंडातून आलेल्या वनस्पती तलाव गिळून टाकतात. त्या मुळासकट काढाव्या लागतात, आणि फुलण्यापूर्वी काढल्यास श्रम कमी पडतात.

चौथी बाब केरकचऱ्याची. छत्तीसगडी घराच्या मागे ‘घुरुवा’ म्हणजे उकिरड्याचा खड्डा व ‘बाडी’ म्हणजे परसबाग असे. राज्य सरकारने २०१९ पासून काही वर्षे ‘नरवा, गरुवा, घुरुवा, बाडी’ या नावाने जो कार्यक्रम चालविला, त्यात ओढा, गुरे, खतखड्डा व परसबाग ही एकच साखळी आहे, हे जुने ज्ञान पुन्हा मांडले गेले. सरकारे व योजना बदलतात. पण घराच्या मागील खड्ड्याला योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही.

पाचवी बाब सणांची. छठपूजेला भिलाईतील तलावांवर हजारो माणसे लोटतात आणि त्याआधी घाट स्वच्छ करण्याची चांगली प्रथा आहे. तीच माणसे दुसऱ्या दिवशी सकाळी तासभर थांबली तर पूजेचे साहित्यही पाण्याबाहेर येईल. गणपती व दुर्गा यांच्या मूर्ती मातीच्या असाव्यात, याविषयी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० मध्ये व सुधारून २०२० मध्ये सूचना दिल्या आहेत. प्लॅस्टर ऑफ पॅरिस पाण्यात लवकर विरघळत नाही आणि रंगांतील जड धातू गाळात राहतात. ज्या प्रदेशात गौरा-गौरी अजून मातीच्याच होतात, तेथे ही गोष्ट कोणाला नव्याने शिकवावी लागू नये.

शेजारच्या जिल्ह्यांतील धडा

भिलाईच्या पश्चिमेस, राज्याची सीमा ओलांडली की गोंदिया व भंडारा हे महाराष्ट्राचे जिल्हे लागतात. हे जिल्हे व दुर्ग १९५६ पर्यंत एकाच प्रांताचे भाग होते, आणि त्यांच्या तलावांची कथाही एकच आहे. भंडारा-गोंदिया भागात गोंड राजांच्या आश्रयाने कोहळी समाजाने तलाव बांधले. नवेगाव बांध हा त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध असून तो कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचे सांगतात. अरण्यलेखक मारुती चितमपल्ली यांच्या लेखनाने हे जलाशय मराठी वाचकाला परिचित झाले आहेत. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक तलाव असून ‘माजी मालगुजारी तलाव’ या नावाच्या आद्याक्षरांवरून त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात.

१९५० च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्याने मालगुजारी संपली. पिळवणुकीची एक पद्धत गेली, हे योग्यच झाले. पण मालगुजाराच्या हक्काबरोबर त्याच्याकडील तलाव शासनाकडे आले आणि त्यांच्या दुरुस्तीसाठी गाव जे श्रम देत असे ते थांबले. पूर्वी सांडवा फुटला तर ज्याचे शेत बुडे तो रात्रीच फावडे घेऊन निघे. आता तो अर्ज लिहू लागला. गाळ साचला, पाळी खचल्या, बेशरम माजली. दुर्गमधील गौंटियांच्या गावीही हेच घडले. भिलाईत त्यावर आणखी एक थर चढला: गावाचा तलाव शासनाचा, शासनाचा तलाव कारखान्याचा किंवा नगरपालिकेचा, आणि काठावरचा रहिवासी केवळ भाडेकरू. मालक बदलत गेले तसतसे ‘हे आपले काम नव्हे’ असे म्हणणाऱ्यांची संख्या वाढत गेली.

या अवस्थेतून मार्ग काढणारे एक काम गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात झाले. तेथील ढीवर हे पिढीजात मच्छीमार. रोहू, कटला यांसारख्या बाहेरून आणलेल्या माशांचे बीज सोडूनही उत्पन्न घटत चालल्याचे त्यांनी अनुभवले होते. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ या संस्थेबरोबर त्यांनी आपल्याच ज्ञानाची उजळणी केली. कोणता मासा कोणत्या पाणवनस्पतीत अंडी घालतो, कोणता पक्षी कोणती वनस्पती खातो, याची माहिती म्हाताऱ्या माणसांकडे होती. त्यांनी बेशरम उपटली, आटलेल्या तलावाचा तळ नांगरला, स्थानिक पाणवनस्पती आणून लावल्या आणि ठरावीक काळ मासेमारी बंद ठेवली. स्थानिक मासे परतले. पाण्यावर पक्षीही आले. स्त्रियांनी गट करून या कामात भाग घेतला. येथे नवे यंत्र आले नव्हते; ज्यांचे पोट तलावावर होते त्यांच्या हाती निर्णय आला होता.

हक्क आणि कर्तव्य

तलाव सांभाळावयाचा कोणी, या प्रश्नाला जोडूनच तलाव कोणाचा, हा प्रश्न येतो. महात्मा जोतीराव फुले यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांस खुला केला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी हजारो अनुयायांसह प्राशन केले. नगरपालिकेने ते तळे त्यापूर्वीच सर्वांस खुले केल्याचा ठराव केला होता. तरी प्रत्यक्षात काठावर उतरण्यासाठी सत्याग्रह करावा लागला आणि न्यायालयातील अंतिम निकाल १९३७ साली लागला. पाणवठ्याच्या रक्षणाची भाषा बोलताना हा इतिहास विसरता येत नाही. ज्याला घाटावर उतरू दिले नाही त्याच्याकडून गाळ काढण्याची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. आजही सौंदर्यीकरणाच्या नावाने कुंपण घालून प्रवेशशुल्क बसविले जाते तेव्हा कपडे धुणारी स्त्री, मासे पकडणारा केवट आणि गुरे पाजणारा राऊत यांना आधी बाहेर काढले जाते.

दुर्गजवळील शिवनाथ नदीच्या उदाहरणाने हा प्रश्न देशापुढे आला. १९९८ साली, छत्तीसगड राज्य निर्माण होण्यापूर्वी, नदीच्या सुमारे २३ किलोमीटर लांबीच्या पात्रातील पाणी साठवून उद्योगांना पुरविण्याचा २२ वर्षांचा करार एका खाजगी कंपनीशी करण्यात आला. काठच्या गावांतील मच्छीमार व शेतकरी यांनी आपली वहिवाट गेल्याची तक्रार केली आणि वाहत्या पाण्याचा मालक कोण, यावर पुढील अनेक वर्षे वाद झाला.

कायदा या बाबतीत अगदीच मुका नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली हिंचलाल तिवारी यांच्या खटल्यात तलाव ही समाजाची साधनसंपत्ती असल्याचे सांगितले. २०११ साली जगपालसिंग यांच्या खटल्यात गावतळ्यांवरील अतिक्रमणे हटविण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. पाणथळ जागांविषयी २०१७ चे नियम आहेत. परंतु पिण्यासाठी वा सिंचनासाठी माणसाने बांधलेले जलाशय त्यांतून वगळलेले आहेत. म्हणजे छत्तीसगडच्या मैदानातील पुष्कळशा तलावांना या नियमांचे छत्र मिळणे कठीण. जेथे नियम पोहोचत नाही तेथे काठावरच्या वस्तीलाच पुढे यावे लागते.

वर्षाचे वेळापत्रक

वस्तीने काय करावे, हे ऋतूंच्या क्रमाने सांगणे सोयीचे ठरेल. चैत्र-वैशाखात पाणी उतरले की गाळ काढून बागांना व परसबागांना वाटावा. ज्येष्ठात, पहिल्या पावसापूर्वी, पाणी आत येण्याच्या वाटा साफ कराव्यात, कारण वर्षभर रस्त्यावर साचलेले तेल, धूळ व प्लॅस्टिक पहिल्या सरीबरोबरच आत येते. आषाढ-श्रावणात सांडवा मोकळा आहे ना, हे पाहावे व पारेवर करंज, अर्जुन, जांभूळ यांची रोपे लावावीत. भाद्रपद-आश्विनात विसर्जनासाठी निराळी कुंडे ठेवावीत. कार्तिकात छठनंतरची सफाई आणि जलपर्णीची वेचणी करावी. मार्गशीर्षापासून माघापर्यंत उत्तरेकडून आलेली बदके व इतर पाणपक्षी मुक्कामाला असतात; त्या काळात काठावर फटाके, कर्णे व प्रखर दिवे टाळावेत.

या सर्वांबरोबर एक काम बारा महिने करावयाचे आहे, आणि ते शाळेतील मुलेही करू शकतील. इटालियन शास्त्रज्ञ अँजेलो सेकी यांनी १८६५ साली पाण्याची पारदर्शकता मोजण्यासाठी एक साधी तबकडी वापरली. सुमारे वीस सेंटिमीटर व्यासाची पत्र्याची गोल तबकडी घ्यावी. तिचे चार भाग करून ते आळीपाळीने पांढरे व काळे रंगवावेत. खाली वजन व वर खुणा केलेली दोरी बांधावी. पचरीवरून अथवा नावेतून ती पाण्यात सोडावी आणि दिसेनाशी झाली की दोरीवरची खूण वाचावी. दर महिन्याच्या ठरावीक दिवशी, दुपारच्या वेळी, त्याच जागी मोजणी करून ती वहीत लिहावी. दोन-तीन वर्षांची वही तयार झाली म्हणजे तलाव कोणत्या महिन्यात बिघडतो, कोणत्या गटाराचे तोंड बंद केल्यावर सुधारतो, हे वस्तीला स्वतःच्या आकड्यांवरून कळू लागते.

ती वही घेऊन नगरपालिकेच्या वा कारखान्याच्या कचेरीत गेलेल्या रहिवाशाची गोष्ट, केवळ तक्रार घेऊन गेलेल्याच्या गोष्टीपेक्षा अधिक काळजीपूर्वक ऐकली जाते. आणि कचेरीने ऐकले नाही, तरी स्वतःच्या घराचे गटार कोठे जाते हे त्या रहिवाशाला तोवर समजलेले असते. पुढचे काम त्याला तेथूनच सुरू करता येते.